चाकापर्यंत पोचलेली ताकद

आमच्या गॅरेजमध्ये गाडी रोलरवर चढवतात, पट्ट्यांनी जखडतात आणि जागच्या जागी पळवतात. रोलर कसा फिरला त्यावरून चाकापर्यंत किती हॉर्सपॉवर पोचली, ते माझ्या स्क्रीनवर येतं. कडोदऱ्याच्या रस्त्यावर हे काम करणारी बाई मी एकटीच असेन. गिऱ्हाईक आधी शेठला शोधतं, मग माझ्याकडे बघतं, मग पुन्हा शेठला शोधतं. माझं डोकं तिथेच फिरतं.

त्यात रोजचं भांडण ठरलेलं. कंपनी सांगते ती ताकद इंजिनाच्या तोंडाशी मोजलेली. तिथून चाकाकडे येताना गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंगं, सगळे आपापला घास घेतात. अडीचशेची गाडी चाकावर दोनशे दहा दाखवते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला टोपी घातली.

पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका कापड व्यापाऱ्याची गाडी दीडशेच्या वर जाईना. याच गाडीने याच रोलरवर आधी दोनशे दहा दिले होते. मध्ये एकच गोष्ट घडली होती: तिचा गिअरबॉक्स खोलून पुन्हा जोडला होता, आणि तो जोडला होता माझ्या धाकट्या भावाने. तो त्या दिवशी सुट्टीवर, लिंबायतला घरी होता. व्यापारी ओरडला, शेठचा चेहरा उतरला. शेठने माझ्यासमोरच भावाला फोन लावला आणि गुजरातीत सुनावलं. "गिअरबॉक्स बगाडी नाख्यो तें. कालथी आवतो नई." गिअरबॉक्स बिघडवलास तू, उद्यापासून येऊ नकोस. एवढं बोलून त्याने फोन ठेवलासुद्धा.

मला एका जागी बसवेना. चहा आला, तो तसाच निवला. मी गाडी पुन्हा पळवली, पुन्हा तेच. काहीतरी जुळत नव्हतं. क्लच दाबून गाडी नुसती सोडून दिली की रोलर मजेत फिरत राहायचा. गिअरबॉक्स खरंच ताकद खात असता, तर त्याने रोलरलाही ओढून लवकर थांबवलं असतं. मग जात होती कुठे ती? आणखी एकदा पळवताना बघितलं, तर इंजिन वर चढत होतं आणि रोलर मागे राहत होता. खाली वाकले. मागच्या टायरांवर लालपिवळा लेप बसला होता.

आम्हा खानदेशी लोकांच्या घरात दसऱ्याला लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, तेलाचा हात फिरवून हळदकुंकू लावतात. वडिलांनी जन्मभर तेच केलं. आदल्या दिवशी भावाने तशीच पूजा रोलरची केली होती, मन लावून, कोपरान् कोपरा. पण रोलरवर टायरची पकड बसावी लागते. तेलावर चाकं नुसती घसरत होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

थिनरने रोलर पुसले, टायर घासले, गाडी चढवली. दोनशे दहाच्या जरा वर. शेठ स्क्रीनवरचा आकडा बघून म्हणाला, "बोलाव त्याला."

फोनवर सांगायचं मला जमलं नसतं. रिक्षा लिंबायतच्या गर्दीत अडकली तशी मी उतरून चालतच सुटले. भाऊ दारात बसला होता. मी उभ्या उभ्या एका दमात सगळं सांगून टाकलं. "गिअरबॉक्स चांगला शे. रोलरवर तेल व्हतं. शेठनी तुले बलायेल शे, चाल!"

"तेल ते मीच लावं व्हतं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "मशीनले घडीघडी इचारं तुम्ही. माले कोनी इचारं बी नही."

मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही, पण उठलाही नाही.

"शेठनी फोन कया, तवय तू बाजूलेच व्हती ना, ताई?"

मी हो म्हणाले.