बॅज नाकारलेली अक्का

“स्वल्प थांब, तम्मा.” दारावर थाप मारायच्या आधी अक्का अशी धाकट्या भावासारखी हाक मारून माझ्यासमोर हात आडवा धरायच्या. आतून कुकरची शिटी झाली की म्हणायच्या, “हां, आता. बाईचं लक्ष गॅसकडे असताना मत मागू नये.”

आमच्या कानडी शहरातल्या चामराजपेटेत, मराठी घरांच्या गल्लीत, त्या घरी ब्लाउज शिवत आणि निवडणूक आली की पक्षासाठी दारोदार फिरत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाकडे जावई आलाय, कुणाकडे भांडण झालंय, हे त्यांना उंबऱ्यावरूनच कळायचं. मी सीमेकडच्या लहान गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. प्रचार कार्यालयात कार्यकर्ते सांभाळायची नोकरी मिळाली, याचं मला फार अप्रूप होतं. त्या कामातलं निम्मं मला अक्कांनी शिकवलं.

या वेळी नियम आला, की प्रत्येक कार्यकर्त्याची पार्श्वभूमी तपासायची आणि मगच बॅज द्यायचा. नियम वाईट नव्हता. लोकांच्या घरात शिरणारा माणूस कोण आहे, हे पाहायलाच हवं. तपासणी झाली आणि अक्कांच्या नावापुढे लाल खूण आली. जुना गुन्हा: बेकायदा जमाव, रस्ता अडवला.

मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या काजं करत होत्या.

“म्हणजे मी गुन्हेगार?”

“नाही अक्का, ते कॉम्प्युटरवर...”

“मग कॉम्प्युटरला सांग, साहेब माझ्या शेजारीच बसले होते. नळाला पाणी नव्हतं म्हणून. त्यांना वाजवायला घागर कुणी दिली? मी! एकाच गाडीत घालून नेलं आम्हाला.”

साहेब म्हणजे आमचे उमेदवार. मी तडक बेळ्ळंदूरच्या मुख्य कार्यालयात गेलो. तिथले व्यवस्थापक पुण्याचे, माझ्याच वयाचे.

“सर, हाच गुन्हा आपल्या उमेदवारांवरही आहे. पत्रकात छापलाय आपण, ‘जनतेच्या पाण्यासाठी तुरुंगवास’.”

“अरे, ते कँडिडेट आहेत. चेक व्हॉलंटिअर्सचा असतो. रेड आला की बॅज नाही. सिंपल.”

एकाच रस्त्यावर, एकाच दुपारी, शेजारी बसलेली दोन माणसं. एकाचा संघर्ष, दुसरीचा गुन्हा! आणि निवाडा देणाऱ्याने तो रस्ता कधी पाहिलेलाही नाही.

अक्कांच्या गल्लीत मग इंदिरानगरच्या एक बाई पाठवल्या. मूळच्या नागपूरच्या, मराठी घरांसाठी खास निवडलेल्या, गळ्यात नवा बॅज. मी सोबत होतो. अक्कांचं दार टाळावं असं फार वाटलं, पण बाई पुढे झाल्या आणि पत्रक हातात देऊन पाठ केलेलं म्हणू लागल्या, “काकू, आपले नेते तुमच्या पाण्यासाठी जेलमध्ये गेले होते.”

“हो का?” अक्का म्हणाल्या. “जेवायला काय दिलं होतं म्हणे?”

“ते... ते नाही माहिती.”

“चित्रान्न. लिंबाचा पिवळा भात, गार झालेला.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला पत्रकांचा गठ्ठा नीट लावत राहिलो.

“उन्हातून आलात, पाणी प्या,” म्हणत अक्का आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. बाईंनी तो उभ्याउभ्याच घटाघट संपवला.

त्या गल्लीत आता नळाला रोज पाणी येतं.