एक तारखेचं पाणी

गजेंद्र कापगतेनं नोकरी सोडली तेव्हा त्याच्या डोक्यात हायवेवरचा कोहमाऱ्याचा चौक कमी आणि गावचा तलाव जास्त होता. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातलं पोर. वडील बकाराम तलावाचे पानकर, म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत कधी, किती पाणी जाईल ते ठरवणारे. आभाळ रुसलं तरी तलावात साठा असला की धान जगतं, हे बघतच तो मोठा झाला. म्हणून गोंदियाच्या कॉलेजातली कारकुनी सोडून त्या चौकात ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान टाकण्याआधी त्यानं वर्षभराचा घरखर्च वेगळा काढून ठेवला. दुकानाचं दुकानात, घराचं घरात. दर एक तारखेला त्या साठ्यातून पगाराएवढेच पैसे तो आईच्या, धुरपताबाईंच्या हातात ठेवायचा. दुकानानं काही नाही दिलं तरी घराला झळ लागू नये.

झळ लागलीच नाही. तिथंच सारं फसलं.

घराला वाटलं, पैसे दुकानच देऊन राहिलं. पोरगा सेठ झाला तरी एक तारीख चुकत नाही, असं धुरपताबाई शेजारीपाजारी सांगत सुटल्या. मग त्याच साठ्यातून ओसरीला ग्रील लागली, भाच्याला मोबाइल गेला, देवघराला फरशी आली. दर वेळी गजेंद्र खरं सांगायला बसायचा, आईचा फुललेला चेहरा बघायचा आणि नुसतं पाणी पिऊन उठायचा.

दिवाळी झाली, थंडी तोंडावर आली. थंडीत जुन्या बॅटऱ्या मान टाकतात. या धंद्याची खरी कमाई तेव्हाच. घाऊक व्यापारी नगद मागत होता. साठ्यात उरलं होतं ते एक तर माल भरायला पुरणार होतं, नाही तर घराला. हे फक्त त्याच्या बायकोला, रीताला माहीत होतं. वांगी चिरता चिरता ती म्हणाली, "तुमचे बाबा पाणी सोडाच्या आधी साऱ्यायले पाळीवर नेत. तलावात किती हाय ते दाखवत. तुमी कोणाले दाखवलं?"

बकाराम खरंच तसं करत. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, तळ बघून आलेला माणूस मग पाटावर भांडत नसे.

या एक तारखेला तो रिकाम्या हातानं आईपुढे बसला आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. धुरपताबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं.

"म्हणजे तो पगार नवता?"

"माझीच जमा होती, माय."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू खुशीत होती."

त्यांनी सुपातला एक खडा शोधून अंगणात टाकला. गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आठवड्यावर आली होती. मंडईला घरोघरी पाहुण्यांच्या पंगती बसतात, रात्रीच्या नाटकाची तिकिटं घरच्यानंच काढायची असतात. आणि यंदा गजेंद्रच्या धाकट्या बहिणीला बघायला येणाऱ्यांनाही धुरपताबाईंनी त्याच दिवशी बोलावून ठेवलं होतं.

"सोयरे घर पाहाले येऊन राहिले, गजू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सेठचं घर म्हणून येऊन राहिले. मंडई होऊ दे. तवरिक कोणाले सांगू नोको."

त्यांनी हात पुढे केला असता तर त्याला नाही म्हणता आलं असतं. त्यांनी केला नाही. त्या पुन्हा पाखडायला लागल्या. गजेंद्र उठला, कपाटातलं उरलेल्या पैशांचं पाकीट आणून सुपाशेजारी ठेवलं आणि बाहेर जाऊन व्यापाऱ्याला फोन लावला, की माल सध्या राहू द्या.

मंडई झोकात झाली. सोयऱ्यांना ग्रील आवडली, पंगत आवडली. निघताना मुलाच्या वडलांनी गजेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, लग्नात जावयाला मोठी गाडीच पाहिजे असं काही नाही, तुमच्या मनात येईल ते द्या, सेठ.

दोनच दिवसांनी धुकं उतरलं. गजेंद्र शटर उघडत होता तोच रायपूरकडचा एक ड्रायव्हर तोंडावर गमछा गुंडाळून आला.

"सेठ, बडी बॅटरी है क्या?"

गजेंद्रनं मागं वळून रिकाम्या रॅककडे उगाच एकदा बघितलं.

"कल आना."

"गाडी तो आज बंद है, सेठ," ड्रायव्हर म्हणाला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात गेला.