पन्नास मिनिटांचा तास

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला मापात बोट बुडवतो का, इथपासून माझी नजर. त्यात बी.कॉम. झाल्यावर एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं खूळ डोक्यात शिरलं आणि अभ्यासाला जोडीदार मिळाला तो आमच्याच आळीतला, कॉलेजात माझ्याच वर्गात असलेला. मग काय, संशयाला आयतं कामच मिळालं.

परीक्षा मुंबईला. रत्नागिरीत तेव्हा तिचं नाव काढलं तर लोक विचारायचे, "म्हणजे बँकेची का गो?" शिकवणारं कुणी नाही, पोस्टाने सरावाच्या पुस्तिका मागवायच्या एवढंच हातात. आम्ही दोघांत मिळून एक संच मागवला, आणि तो यायचा त्याच्या पत्त्यावर. तिथेच पहिली पाल चुकचुकली. पुस्तिका हातात आली की मी आधी पानं मोजायची, मग उजेडात धरून पेन्सिलीच्या खुणा खोडल्यात का ते बघायची. एकदा खरंच सापडल्या. "हो, तीन प्रश्न सोडवून पाहिले," तो सरळ म्हणाला. इतकं सरळ कुणी बोलतं का? माझा संशय दुप्पट झाला.

गरज दोघांनाही होती. वडिलांनी मला बजावलं होतं, "एकदाच बस. नाही जमलं तर बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलाय." तो फॉर्म फडताळात होता, येताजाता दिसायचा. आणि हा मिरजोळ्याच्या एका कारखान्यात हंगामी कारकून. सकाळी आठचा भोंगा ऐकला की कानात बोटं घालावीशी वाटतात म्हणायचा. तिथून सुटायची त्याची वाटही हीच एक.

अभ्यासाचं वेळापत्रक मी आखलं, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. शेवटचे दोन महिने दर रविवारी एक तासाचा सरावाचा पेपर. सोडवणाऱ्याने घड्याळाकडे बघायचं नाही, वेळ दुसऱ्याने लावायची. सकाळी माझा पेपर आमच्या पडवीत, संध्याकाळी त्याचा त्याच्या घरी. परीक्षेत घंटा होते तशी आपल्यालाही हवी, म्हणून माझा पेपर आठच्या भोंग्यावर सुरू करायचा, ही अक्कलहुशारी माझीच. भोंगा रविवारीही व्हायचा आणि आमच्या पडवीपर्यंत ऐकू यायचा. मी लिहीत असले की तो पायरीवर वाचत बसायचा. मग कधीतरी उठून दारातून माजघरात डोकवायचा आणि म्हणायचा, "झाली वेळ. पेन खाली."

माझे दरवेळी पंधरा-सोळा प्रश्न राहायचे, त्याचे चार-पाच. कॉलेजात तर मार्क माझे जास्त! कुठेतरी पाणी मुरत होतं. चौथ्या रविवारी मी आत्याचं मनगटी घड्याळ मागून आणलं आणि पदराखाली दडवून बसले. "पेन खाली" ऐकल्यावर हळूच पदर सरकवला. आठ पन्नास. चक्क दहा मिनिटं कमी!

अस्सा संताप आला! गोड बोलून केसाने गळा कापतोय मेला. त्याच क्षणी विचारलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण मी कसली विचारते! मला पुरावा हवा होता. पुढच्या रविवारी पुन्हा पाहिलं, पुन्हा पन्नासच. म्हटलं, थांब, दाखवते तुला.

त्याच्या घरी टेबलावरचं गजराचं घड्याळ मी माझ्याकडे तोंड करून ठेवायची. त्या संध्याकाळपासून मी त्याला सत्तर मिनिटं द्यायला लागले. "सगळे झाले गो आज!" असं तो पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी म्हटलं, "वा, हात बसला हो तुझा." खुशीत त्याने आईला चहा टाकायला सांगितला. तो चहा मी प्याले. परीक्षेपर्यंतच्या सगळ्या रविवारी मी हेच केलं.

मुंबईत मी पन्नास मिनिटांच्या सवयीने सुसाट सुटले. पेपर संपवून तपासायलाही वेळ उरला. परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. "चौदा राहिले गो. घरी तर पुरा होत होता."

"तिथे ताण येतो रे," मी म्हटलं. मनात म्हटलं, बरी खोड मोडली.

मला प्रवेश मिळाला, त्याला नाही. निघायच्या दिवशी सकाळी साडेसातची गाडी. वडील एसटीच्या बाबतीत महाघाबरट, त्यामुळे आम्ही सगळी मंडळी सातलाच स्टँडवर. गाडी सुटायच्या बेतात आणि मी खिडकीशी बसलेली असताना तो धावत आला, घामाघूम, हातात फणसपोळीचा पुडा.

"हुश्श, सापडलीस! आधी तुमच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप, आणि खिडकीतून पाहिलं तर माजघरातल्या घड्याळात साडेसात वाजून गेलेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळे स्टँडवर. म्हटलं, गेली गाडी."

"अरे, ते दहा मिनिटं पुढे असतं," मी हसत म्हटलं. "एसटी चुकू नये म्हणून बाबा—" आणि मला ते "पेन खाली" आठवलं.

आमच्याच नव्हे, आळीतल्या निम्म्या घरांत घड्याळ असं पुढे. घरचा माणूस मनातल्या मनात दहा वजा करतो. बाहेरच्याला सांगायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. आठ वाजायचे ते भोंग्याचे, खरे. नऊ वाजायचे ते आमच्या माजघरातले. इतके रविवार गेले, आणि मला हे सुचू नये?

त्याला मात्र लगेच उमगलं. "अगो, म्हणजे दर रविवारी मी तुझी दहा मिनिटं खाल्ली की! बोलली कशी नाहीस?" त्याने खिडकीखाली उभं राहून कान पकडले. "आणि तू मला एकदासुद्धा मिनिटभर कमी दिलं नाहीस."

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि लाजेने मला त्याच्याकडे बघवेना. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली. तो हात हलवून वळला आणि आठचा भोंगा गाठायला मिरजोळ्याच्या रस्त्याने धावत सुटला.