बायजाच्या हातांवरचे वण

या सदरात लोक जे लिहितात ते मी वाचते आणि निम्म्या वेळा हसते. राग मानू नका, स्पष्ट बोलायची सवय आहे. चिंचेखालची बाई, पांढरी साडी, उलटे पाय... अहो, मी आयुष्यभर नर्स होते. खाचरांच्या बांधांवरून एकटी हिंडले. विंचू चावला, कुत्रं चावलं, एकदा एका बेवड्यानं हात धरला (त्याच्या कानाखाली आवाज काढला) — भूत काही भेटलं नाही. तेव्हा पुढचं वाचून "बाईंचं वय झालं" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. झालंच आहे, नव्वदीला टेकले. पण जे पाहिलं ते पाहिलं.

जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. बाळंतपणाचा सरकारी कोर्स करून मी पुण्याहून आले आणि अलिबागच्या उत्तरेला, खाडीकाठच्या एका गावात माझी नेमणूक झाली. नाव मुद्दाम देत नाही, त्या घरांतली माणसं अजून आहेत. भातशेती, मिठागरं, आणि खाडीपलीकडे दोन-तीन पाडे. तिथून अलिबागचा दवाखाना गाठायचा तर आधी होडी, मग बैलगाडी, मग नशीब.

गावची सुईण बायजा. साठीची, काटक आगरी बाई. पहिल्याच दिवशी मी तिला ऐटीत नखं कापायला सांगितली, तर म्हणाली, "कापीन गो बाय. पन तू आदी जेवलीस का?" मी सकाळपासून उपाशी होते. तिला कसं कळलं देव जाणे.

ट्रेनिंगमध्ये मला मूल सोडवायला शिकवलं होतं. बाई सांभाळायला शिकवलं ते बायजानं. सातव्या महिन्यापासून ती घरी जायची, तेल लावायची, सासूला दटावायची — "हिला हंडा उचलाया लावलास तर याद राख!" नवऱ्यालाही सोडायची नाही. "नऊ महिने बसून खाल्लास, आता पानी भर." बाळंतपणानंतर सव्वा महिना आंघोळ, शेक, धुरी. आणि एखादी पहिलटकरीण दूध येईना म्हणून रडत असली, की काही न बोलता तिच्याजवळ बसून राहायची, तासन् तास.

प्रत्यक्ष वेळ आली की तिची जागा ठरलेली — बाईच्या मागे. पाटावर बसून तिला पुढ्यात घ्यायची, काखेतून हात घालून छातीशी टेकवायची. कळ आली की बाई तिचे हात धरणार, नखं रुतवणार. बायजाचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत कायम ओरबाडलेले. मी औषध लावायला गेले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो, ह्यो माजा पगार!"

दुसऱ्या वर्षी, कापणी संपत आली असताना, बायजाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी, वाचाही गेली. सून पार्वती तिची कूस बदलायची, पेज भरवायची.

आता तिथली रीत अशी, की पोटुशी बाईला वाईट बातमी सांगायची नाही. घरात कुणी मेलं तरी नाही. पाड्यांवर बायजाची वाट बघणाऱ्या चार जणी होत्या. चौघींच्या घरच्यांनी मला हात जोडले — बाई, हिला कळू देऊ नका. मी एरवी त्यांच्या रीतींवर तोंडसुख घ्यायची, पण ही मला शहाणपणाची वाटली.

बायजावर सगळ्यात जास्त भिस्त चंद्राची. वीस-एकवीस वर्षांची पोर, आधीची दोन्ही बाळं जन्मतानाच गेलेली. घरात दुसरी सून आणायची बोलणी सुरू झाली होती, तीही हिच्यासमोर. बायजानं तिच्या पोटावर हात ठेवून शब्द दिला होता, "या खेपेला मी तुला सोडनार न्हाय."

चंद्राकडचं बोलावणं भर दुपारी आलं. तपासलं. बाळ पायाळू! ओहोटी लागलेली, आमची होडी चिखलात बसलेली, भरती येईपर्यंत तिला हलवायची सोय नाही. अशा वेळी बाई स्थिर राहायला हवी, कुणीतरी मागून घट्ट धरायला हवी. शेजारच्या बाया खळ्यावर गेलेल्या. सासूला बसवलं तर ती म्हातारी लटलटा कापायला लागली. हाकललं तिला बाहेर, पाणी तापवायला. नवरे तर तेव्हा दाराच्या आतही येत नसत.

चंद्रा नुसती लोळत होती. "बायजाआजी कुठं हाय?"

"येतेय," मी म्हटलं.

"कवा?"

"निघाली गं. होडीत बसली. आलीच."

पाय दिसले. मी ओरडले, हलू नकोस! पण ती कुठली ऐकतेय, आजी आजी करत उसळत होती. अजून दोन हिसके बसले असते तर बाळ गेलंच असतं. मग मीच तिच्या पाठीमागे बघून धडधडीत खोटं ओरडले, "आली बघ! बायजा, धर हिला!"

आणि चंद्रा शांत झाली.

मी मान वर केली नाही, वेळच नव्हता. बाळाचं डोकं अडकलेलं, माझे दोन्ही हात गुंतलेले. तिचं अंग हवं त्या कलात, हवं तसं स्थिर राहिलं एवढं आठवतं. वाटलं, सासूला धीर आला असेल, परत येऊन बसली असेल. मुलगा झाला... काळानिळा. तोंड पुसलं, पाठ चोळली, फुंकर घातली. तो रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मग वर पाहिलं.

चंद्रा अर्धवट मागे रेललेली होती. भिंत दोन हात लांब. मान डावीकडे कललेली, कुणाच्या खांद्यावर टाकावी तशी. मुठी हवेतच आवळलेल्या. आणि पाठीमागे — काही नाही. मागच्या दारातून ऊन आत आलेलं, आणि तिच्या पाठीखालच्या मोकळ्या जागेत एक कोंबडी दाणे टिपत होती.

तुम्ही बसून बघा तसं. धडधाकट माणसालाही मिनिटभर तोल धरवत नाही, ही तर ओली बाळंतीण. माझ्या डोळ्यांदेखत ती सावकाश खाली गेली... आधी कंबर, मग पाठ, शेवटी डोकं. बायजा निजवायची अगदी तशीच. डोळे मिटूनच म्हणाली, "आजीला पानी द्या. मी तिचं हात पार वरबाडलं."

मी तांब्या भरला. खरंच भरला, आणि तसाच हातात धरून उभी राहिले.

संध्याकाळच्या भरतीला परतले ती तडक बायजाकडे. पार्वती दारातच भडकलेली. "बरा झाला आलात. हिला कोन वरबाडतंय बगा! मी बाहेर गेली का शेजारची पोरं घुसत असतील. हात तोडीन एकेकाचं!"

तिनं गोधडी बाजूला केली. बायजाच्या दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे आणि बोटं रुतल्याचे ताजे वण होते, रक्त नुकतं सुकलेलं.

 पण खरं पुढेच आहे. कंदील जवळ घेतला. वण किती दिवसांचा ते नर्सला कळतं — आधी लाल, मग काळानिळा, मग हिरवट, शेवटी पिवळा. बायजाच्या हातांवर आजचे लाल होते, त्यांच्याखाली हिरवट होते, आणि त्याहून जुने, पिवळे पडलेले.

"महिन्यात तिसऱ्यांदा," पार्वती म्हणाली.

बायजा पडल्यापासून पाड्यांवरचं माझं हे तिसरंच बाळंतपण. आधीच्या दोघीही आजीसाठी रडल्या होत्या, आणि दोघींनाही मी हेच सांगितलं होतं — आली बघ, मागे बसलीय, धर तिला. साध्या केसेस होत्या. बाई गप्प झाली, काम सोपं झालं. मागे कोण होतं ते पाहायची मला गरजच पडली नव्हती.

"बायजा," मी म्हटलं, "मी पुन्हा नाही बोलावणार गं तुला. चुकले."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तो जरासा चालणारा डावा हात हळूहळू हलवून पदर ओढला आणि दोन्ही हात झाकून घेतले. मला वाटलं, सुटली बिचारी.

आठ दिवसांनी चौथी. सकाळपासून अडलेली, आजीला बोलवा म्हणून आकांत करत होती. मी खरं सांगितलं. बायजाच्या अंगावरून वारं गेलंय, ती येणार नाही, मी आहे. घरच्यांनी मला काय काय ऐकवलं! बाई हबकली, अंग आखडून बसली. तिचं बाळ जगलं नाही. गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. अलिबागचे डॉक्टर नंतर म्हणाले, कुणीही असतं तरी गेलंच असतं. असेल.

त्या संध्याकाळी बायजाचे हात पाहिले. नवा वण एकही नव्हता. पण ती दाराकडे बघत रडत होती. "सकालपास्नं अशीच रडतेय," पार्वती म्हणाली, "आनि सारकी उठाया बगतेय."

ती पुढे वर्षभर जगली. या सगळ्याचा अर्थ मी दोन डॉक्टरांना विचारला, एका कीर्तनकारांनाही विचारला. लकवा झालेल्याला स्वतःचीच नखं लागतात, घाबरलेल्या माणसाला भास होतात, योगायोग असतात... कुणाचंच पटलं नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा.

मला छळतं ते वेगळंच. तिनं हात झाकले त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. "बोलावू का?" एवढं तिला विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.