तिरका पट्टा

पाणीखात्यातल्या मीटरबाईंची सगळ्या जगाबद्दल एकच तक्रार होती, आणि ती त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती.

घरोघरची पाण्याची मीटरं वाचणं हे त्यांचं काम. सात गल्ल्या, साडेचारशे मीटरं, बावीस वर्षं. काम रूक्ष, पण बाईंचा त्यावर जीव. घरी नवऱ्याला मोजे सापडायचे नाहीत, सासूबाईंना चष्मा सापडायचा नाही, आणि दोन्ही कुठे आहेत हे फक्त बाईंना ठाऊक असायचं. सकाळी साडेआठला उंबरठा ओलांडला की दुपारपर्यंत त्यांना हाक मारणारं कुणी नसे. गल्लीत लोकांना फक्त आकडा हवा असतो. तो सांगितला की बाई मोकळ्या.

बाईंचा बांधा भरलेला. नेमका कुठे भरलेला हे सांगायची वेळ आली की लोक हवेत हाताने काहीतरी दाखवतात आणि घाईघाईने विषय बदलतात. आपणही तेच केलं तर ही गोष्ट इथेच आटपावी लागेल, म्हणून सांगून टाकलेलं बरं: बाईंची छाती मोठी होती. जगातली कुठलीच वस्तू ती धरून बेतलेली नसते, हीच ती तक्रार. म्हणून बॅग त्या तिरकी न घेता एका खांद्यावर अडकवायच्या. ती घसरायची, म्हणून खांदा वर उचलून धरायच्या. बावीस वर्षांत तो खांदा वरच राहिला. लोक लांबूनच चालीवरून ओळखायचे, मीटरबाई आल्या.

मग कुठल्यातरी मीटरवाल्याची बॅग वाकताना घसरली आणि आकडे नोंदवायचं यंत्र पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलं. खात्याने लगेच परिपत्रक काढलं. यापुढे सगळ्यांनी खात्याचीच नवी बॅग वापरायची आणि पट्टा गळ्यातून तिरका घ्यायचा. नमुन्याची बॅग एका सडपातळ कारकुनाच्या अंगावर घालून बघितली होती. त्याला फार छान बसली, असं परिपत्रकात नमूद होतं.

बाईंना ती बसली म्हणजे रुतली. बरोबर मधोमध. यंत्र, टॉर्च, मीटरवरची झाकणं उचलायचा लोखंडी आकडा आणि पाण्याची बाटली, असं तीन किलो वजन खाली ओढत होतं. शर्टाची बटणं ताणली. पट्टा बाजूला सरकवला की काखेत काचायचा, वर घेतला की मानेला. सैल शर्ट घालून जे इतकी वर्षं झाकत आणलं, ते खात्याने अधोरेखित करून दिलं. गल्लीतले काही जण आता मान खाली घालून आकडा विचारायला लागले. काही जण मान खाली घालत नव्हते, त्यांचा जास्त राग यायचा.

बाई बाजारातल्या बॅगा शिवणाऱ्या काकांकडे गेल्या.

"काका, या पट्ट्याने खांदा दुखतो हो."

काकांनी पट्ट्याला खांद्यापाशी जाड गादी शिवली. आठवड्याने बाई परत हजर.

"खांदा बरा आहे. पण पाठ भरून येते."

काकांनी पट्टा चार बोटं आखूड केला. पट्टा आणखी रुतला. मग बाई म्हणाल्या, मान. काकांनी पट्टा वीतभर लांब केला, तर बॅग चालताना गुडघ्यावर आपटायला लागली.

"बाई, तुमचं दर आठवड्याला नवीन ठिकाणी दुखतं," काका वैतागून म्हणाले. "मी बॅगा शिवतो, वैद्य नाही."

दुखणं खांद्यावरून पाठीला, पाठीवरून मानेला असं आजूबाजूला हिंडून आलं होतं. मुक्कामाला मात्र एकदाही पोचलं नव्हतं.

खांद्याची बातमी साहेबांच्या कानावर गेली. साहेब भले माणूस. त्यांनी बाईंना खात्याच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, आणि प्रत्येक वेळी "दुखतं?" असं विचारलं. बाई भिडेपोटी "हो" म्हणत गेल्या. चौथ्या दिवशी आदेश आला. खांद्याच्या विकाराचा सहानुभूतीपूर्वक विचार करून बाईंना एक तारखेपासून फिरतीतून मुक्त करण्यात येत आहे. यापुढे त्यांनी तक्रार खिडकीवर बसावं.

ऑफिसातल्यांनी अभिनंदन केलं. खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा मिळाला. नवरा म्हणाला, "बरं झालं. आता फोन केला की उचलशील तरी."

बाईंनी आदेश पुन्हा एकदा वाचला. आपल्याच हाताने आपल्या सात गल्ल्या घालवल्या. कशापायी, तर एक शब्द तोंडातून निघेना म्हणून. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली. त्या संध्याकाळी तरातरा काकांच्या दुकानात शिरल्या आणि बसायच्या आधीच बोलल्या.

"काका, खांदा, पाठ, मान, काहीच दुखत नव्हतं. पट्टा छातीवर काचतो."

काकांनी सुई खाली ठेवली. "मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना. तासाभराचं काम आहे."

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," काका म्हणाले. "म्हणून तर बघत नव्हतो."

त्यांनी कमरेला रुंद पट्टा दिला, बॅग त्याच्या एका बाजूला बसवली, आणि गळ्यातला तिरका पट्टा काढूनच टाकला. वजन कमरेवर आलं. छाती वाटेतच येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई अर्ज घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी वाचलं: "माझा खांदा ठीक आहे. खात्याच्या बॅगेचा पट्टा माझ्या छातीवर काचतो. मी शिवून घेतलेल्या बॅगेला परवानगी द्यावी आणि माझ्या गल्ल्या मला परत द्याव्यात."

साहेब टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "बाई, हा कागद वरपर्यंत जातो. इथे 'वैयक्तिक कारण' लिहू या का?"

"साहेब, खांदा सांगितला तर तुम्ही खुर्ची दिलीत. वैयक्तिक सांगितलं तर रजा द्याल."

त्यांनी बॅग कमरेला बांधली, झाकण उचलावं तशा वाकल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. बॅग हलली नाही. खांदा मात्र सवयीने वरच होता. साहेब त्या खांद्याकडे बघत राहिले.

"हा असा का?"

"बॅग घसरू नये म्हणून धरायचे. आता तो खाली येत नाही."

साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला.

"माझी आई अशीच चालायची," ते म्हणाले. "शाळेत शिकवायची. खांद्याला बॅग असायची. आम्ही भावंडं एक खांदा वर करून तिच्या मागून चालायचो, नक्कल करत. तीही हसायची." त्यांनी पेपरवेट उगाच फिरवला. "तिला त्रास होत असेल का हो?"

छे हो, सवय होते त्याची, हे उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं तेच दिलं होतं, आणि साहेबांनाही तेच हवं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाईंना त्यांची कीव आली.

"हो साहेब," त्या म्हणाल्या. "रोज."

साहेबांनी पेन उघडलं आणि अर्जातला एकही शब्द न बदलता खाली सही केली.