मिस्त्री आणि इंजिनातला पाहुणा

आमचे मिस्त्री माणसाची विचारपूस नंतर करायचे, आधी गाडीचं मागचं चाक फिरवायचे. गाडी कोणाची का असेना, ती स्टँडवर घ्यायची, डोळे मिटायचे आणि चाकाला हाताने एक हिसका द्यायचा. चाक थांबेपर्यंत गाडीवाल्याने तोंड उघडायचं नाही. चांदूर रेल्वेला सख्ख्या पुतणीच्या लग्नात ते मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची चाकं फिरवत बसले, आणि मंगलाष्टकं संपली तेव्हा कुणाच्या तरी गाडीची चेन ताणत होते. मिस्त्रींच्या घरी काकू हा किस्सा आल्यागेल्याला ऐकवतात. त्यावर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं, "चेन ढिली व्हती, त मी का करू?"

अमरावतीत बडनेरा रोडला त्यांचं गॅरेज. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजचे आम्ही बारा जण मिळून रेसची एक छोटी गाडी बांधत होतो. पाइपांचा सांगाडा, चार चाकं, एक सीट आणि अपघातात सापडलेल्या एका भारी मोटारसायकलचं इंजिन. कॉलेजच्या वर्कशॉपला पाचच्या ठोक्याला कुलूप लागायचं, म्हणून गाडी मिस्त्रींकडे राहायची.

बारा जणांत मी एकटी मुलगी, त्यातही बदनाम. आदल्या वर्षी गाडी मी चालवली होती. वळणावर चौथ्यातून तिसरा गिअर टाकायचा, तर घाईत लिव्हर किती वेळा ओढला ते माझं मलाच कळलं नाही. गाडी भरवेगात आणि गिअर पहिला! इंजिन एकदा किंचाळलं आणि त्याच्या पोटातून लोखंडाचा तुकडा बाहेर आला. तेव्हापासून माझं नाव पडलं 'इंजिनफोडी'. पोरं हसून म्हणायची, मीही हसायचे. होस्टेलवर जाऊन रडायचे, हे आज सांगायला हरकत नाही. मिस्त्रींनी मात्र त्या नावाने मला एकदाही हाक मारली नाही.

या वर्षी दुसरं इंजिन मिळालं, आणि मला पुन्हा गाडी चालवायची होती. आमच्या टीमच्या कॅप्टनने सगळ्यांसमोर अट घातली. कोणता गिअर पडलाय तो आकडा स्टिअरिंगवर दिसला पाहिजे, आणि चाचणीत एकदाही चुकला तर सीटवर तो स्वतः बसणार. आता ते सगळं इंजिनाच्या कॉम्प्युटरवर अवलंबून होतं. मूळ कॉम्प्युटर अपघातातच गेला होता, म्हणून आम्ही बाहेरचा, हवा तसा शिकवता येणारा एक कॉम्प्युटर बसवला होता. मिस्त्री त्याला 'पाहुणा' म्हणत. "पाहुन्याले या घरातलं कायबी ठाऊक नाई," ते मला सांगायचे. "त्याले फिरून फिरून घर दाखवा लागते. नाई त थो सैपाकघरात आंघोय करीन."

मला वाटलं, त्यात काय एवढं. गिअर बदलला की इंजिनाच्या आत लाटण्यासारखा एक गोल दांडा थोडा थोडा फिरतो. त्याच्या टोकाला सेन्सर लावला की प्रत्येक गिअरला वेगळं व्होल्टेज मिळतं, आणि ते लॅपटॉपवरच्या तक्त्यात भरायचं. मिस्त्री अचलपूरला बहिणीकडे गेले होते, तेवढ्यात मी हे काम उरकून टाकलं. सगळ्यात कमी व्होल्टेज न्यूट्रलचं, मग पहिला, मग दुसरा, असं ओळीने भरलं. शिवाय न्यूट्रलमध्ये कुणी उगाच रेस देऊ नये म्हणून तिथे इंजिनाला वेगाची मर्यादा घातली. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे जाईना. जरा रेस दिली की ठसकायची. दोन दिवस आम्ही पेट्रोल बदललं, प्लग बदलले, एकमेकांवर खेकसलो. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. पिशवी खुंटीला अडकवली, गाडी मागून उचलायला लावली आणि चाक फिरवलं. ते जड फिरलं.

"हा पयला हाय," ते म्हणाले.

"पण मिस्त्री, स्क्रीनवर न्यूट्रल दिसते."

"स्क्रीन ठेव बाजूले. तू कोनाच्या गाडीवर शिकली वं?"

"बाबाच्या. गावी, तिवस्याले."

"चार गेरची? सारे गेर एकाच बाजूनं?"

"हो."

मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. "मंग बराबर! त्या गाडीत न्यूट्रल सगळ्याच्या खाली राह्यते. हे इंजिन तसं नाई. याचं न्यूट्रल पयल्या-दुसऱ्याच्या मंधात राह्यते. तू त पाहुन्याले तुह्या बाबाचं घर दाखवून आली!"

म्हणजे गाडी पहिल्यात असताना कॉम्प्युटरला ती न्यूट्रलमध्ये वाटत होती, आणि मीच घातलेली मर्यादा तिला पुढे जाऊ देत नव्हती. आता आणखी एक नाव पडणार, म्हणून मी मान खाली घातली. पण मिस्त्री पोरांकडे वळले. "आन तुमी अकरा जन दोन दिवस प्लग बदलून राह्यले व्हते! तुमाले काहून नाई समजलं?" कॅप्टनसकट सगळे आपापले पाने उचलून कामाला लागले.

मग मिस्त्रींनी मला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. उभ्या गाडीत गिअर नीट बसत नाहीत, दात दातावर अडतात. म्हणून ते हाताने चाक फिरवत राहायचे, मी लिव्हर ओढायचे आणि व्होल्टेज वाचायचे. गिअर चढवताना एक आकडा यायचा, उतरवताना किंचित वेगळा. "जातानीचं बी लिव्ह, येतानीचं बी लिव्ह," ते म्हणायचे. "मानूस येते एका तोऱ्यात, जाते दुसऱ्या तोऱ्यात." शटरची आतली बाजू माझ्या खडूच्या आकड्यांनी भरून गेली. मध्येच द्रोणात दही-चटणी घातलेला गिला वडा यायचा. त्या हाताने मी लॅपटॉपला शिवले की कोपरापर्यंत ग्रीस माखलेले मिस्त्री ओरडायचे, "पाहुन्याले हात धुवून हात लाव!"

चाचणीच्या दिवशी कॅप्टन स्टिअरिंगवरचा आकडा पाहत उभा राहिला. मी गिअर बदलत होते, आणि मिस्त्री त्याच्याकडे पाठ करून चाक फिरवत होते आणि नुसत्या हातावरून, कानावरून गिअर सांगत होते. दोघांचं जुळलं की एक खूण. सहा वेळा जुळलं. सातव्यांदा मिस्त्री म्हणाले, "चौथा." आकडा होता पाच. माझी सीट गेली, असं मी धरूनच चालले. मिस्त्रींनी कान खाजवला, चाक पुन्हा फिरवलं, आणखी एकदा फिरवलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "पाहुना बराबर हाय. मीच चुकलो." त्या गॅरेजात हे वाक्य आधी कुणीच ऐकलेलं नव्हतं. आपल्या चुकीचा एवढा आनंद झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

स्पर्धा अकोल्याला होती, कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या मोठ्या आवारात. गाडी टेम्पोत चढवली तेव्हा मिस्त्रीही मागे तिच्याजवळ बसले. दोर सैल होईल म्हणे. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी नेहमीसारखं चाक फिरवलं आणि बाजूला झाले. पहिल्या फेरीत तसंच चौथ्यातून तिसऱ्यात यायचं वळण जवळ आलं. हात लिव्हरवर गेला, एकदाच ओढला, आणि गाडी वळणातून अशी झकास निघाली की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. पुढच्या सगळ्या फेऱ्या मी हसत मारल्या. आमचा नंबरबिंबर काही आला नाही. पण इंजिन जसं नेलं तसं परत आणलं.

गाडीतून उतरले तर मिस्त्री समोर. "आकडा बराबर दिसत व्हता ना?"

मला एकदम लाज वाटली. "मिस्त्री, मी तो पाह्यलाच नाही. एकदाही नाही. गिअर हातालेच समजत होता."

मिस्त्री चहाच्या टपरीपर्यंत जो भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "पोरीनं आकडा पाह्यलाच नाई! दोन मयने माह्याकून चाक फिरवून घेतलं, आन पाह्यलाच नाई!" अनोळखी माणसंसुद्धा माझं अभिनंदन करू लागली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नसावं. मला मात्र कळलं होतं, आणि चहा पिताना माझे डोळे भरून आले.

आता मी पुण्यात नोकरी करते. गाडी पुढच्या पोरांकडे गेली, सांगाडा बदलला, चाकं बदलली. गेल्या आठवड्यात भर दुपारी ऑफिसात मिस्त्रींचा फोन आला. कसं काय, जेवली का, काही नाही. "नव्या पोरायनं आज गाडी फिरवली," ते म्हणाले. "तुह्यं इंजिन अजून चालू हाय वं." आणि फोन ठेवूनही दिला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला काही विचारलं नव्हतं. तरी मी तिला सांगितलं, की अमरावतीत माझं एक इंजिन आहे.