पहिला प्रस्ताव

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे इंग्रजी पत्र आलं की ते माझ्यासमोर यायचं, आणि मला ते कळलंच असणार असं सगळे धरून चालायचे. मला अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं विचारायची लाज वाटायची.

बाबा भोपाळच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन होते. आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहायचो. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, आणि बाबांना तीन वर्षं उरली होती. सोनागिरीत दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर घ्यायचं, एवढीच आमची योजना. फंडाच्या पैशात ते बसत नव्हतं. बाकीचं शेअरमधून येणार होतं.

शेअर पुण्याच्या एका कंपनीचे होते. मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पॅनेलं ती बनवायची. बाबांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागात, तीच पॅनेलं होती, आणि बाबा ती उघडून दुरुस्त करायचे. कंपनीने लोकांना शेअर देऊ केले तेव्हा शॉपमधल्या दहा-बारा जणांनी जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसून अर्ज भरले. बाबा म्हणायचे, "आतून बघितलंय मी. माल चांगला आहे." पुढे बोनस शेअरही मिळाले. दरवर्षी गुळगुळीत कागदाचा अहवाल यायचा, त्यात 'प्रिय भागधारक' असं लिहिलेलं असायचं. कारखान्यात बाबांना कोणी प्रिय म्हणत नव्हतं.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना पत्र आलं, की एक परदेशी कंपनी सगळे शेअर रोख पैसे देऊन विकत घेणार आहे. रविवारी सकाळी सगळे आमच्या क्वार्टरपुढच्या ओट्यावर जमले. युनियनचे सेक्रेटरी आमच्याच ब्लॉकमध्ये, मूळ नागपूरचे. मी त्यांना काका म्हणायचे.

"पहिला प्रस्ताव कधी घ्यायचा नसतो," काका म्हणाले. "वेतन करारात घेतला होता का आपण? तीनदा परत पाठवला, तेव्हा कुठे आकडा हलला."

"पर भैया, गेट मीटिंग कहाँ करोगे?" शॉपमधला वेल्डर म्हणाला. "इनका गेट तो पुणे में है."

सगळे हसले. काकाही हसले. मग ते माझ्याकडे वळले. "कॉलेजवाली, तू सांग. सही नाही केली तर काय होतं?"

मी पत्रातलं ते पान दोनदा वाचलं. ठरावीक तारखेनंतर कंपनी शेअर बाजारातून निघेल, आणि ज्यांनी शेअर दिले नाहीत त्यांना आणखी एक वर्ष मुदत मिळेल, त्याच भावाने, असं लिहिलं होतं. मी म्हणाले, "नंतर एक वर्ष मुदत आहे."

"बघा. आत्ताच घाबरलेत," काका म्हणाले.

"त्याच भावाने," मी म्हणाले. पण तोवर चार जण एकदम बोलायला लागले होते आणि आई चहा घेऊन आली होती. मी पुन्हा म्हणाले नाही. एवढ्या मोठ्या माणसांत, मलाच नीट कळलं नसेल असं वाटलं.

ठरलं ते असं, की यापुढे कंपनीची पत्रंच घ्यायची नाहीत. कारखान्यात हीच रीत होती. मॅनेजमेंटची नोटीस मान्य नसेल तर ती हातात घ्यायची नाही. घेतली नाही म्हणजे मिळाली नाही. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला की बाबा दारातच मान हलवायचे.

आई म्हणायची, "अहो, घ्या तरी. बघू काय म्हणतात."

"घेतलं की पोचलं," बाबा म्हणायचे. "त्यांना वाट पाहू दे."

असं तीनदा झालं. नवा आकडा काही आला नाही. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मी शेअरची सर्टिफिकेटं पिशवीत घालून एकटीच महाराणा प्रताप नगरला एका शेअर दलालाकडे गेले. त्याने माझ्यासमोर पुण्याला फोन लावला, बराच वेळ नुसतं हूं हूं करत ऐकलं, आणि रिसीव्हर ठेवला.

"बेटा, साल पूरा हो गया. पिछले महीने." त्याने सर्टिफिकेटं नीट जुळवून माझ्याकडे सरकवली. "तीन चिट्ठी भेजीं उन्होंने. तीनों वापस आईं."

मी विचारलं, आता काय करता येईल. तो म्हणाला, कंपनीला अर्ज करून बघा, पण बाजारात याला आता कोणी घेणार नाही. मग पत्ता पाहून म्हणाला, "इसी ब्लॉक के तो आए थे मेरे पास. वो यूनियनवाले साहब. पहले ही हफ्ते में."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. बाबांनी चपला घातल्या. मीही मागोमाग गेले.

काकांनी नाकारलं नाही. "दादा, मीटिंगमध्ये एक बोलावं लागतं, घरी एक बघावं लागतं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं."

"मला सांगायचं होतं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या घरात तर शिकलेली पोरगी. तिनेच वाचून दाखवलं ना सगळ्यांना?"

बाबा म्हणतील, ती तेव्हा केवढीशी होती, असं मला वाटलं. मी वाट पाहिली. ते वळून घराकडे चालायला लागले.

कंपनीला पाठवलेल्या अर्जाचं उत्तर आलं नाही. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही सोनागिरीत गेलो, भाड्याने. माझी पदवी पूर्ण झाली, पहिल्या वर्गात. आता बँकेचं किंवा पेन्शनचं इंग्रजी पत्र आलं, की बाबा चष्मा खिशात घालून खाली किराणावाल्याकडे जातात आणि त्याच्याकडून वाचून घेतात. मी घरात असले तरी.